डोईवरचा बिब्बा

शालूबाईला दाखवायचा कार्यक्रम सांगलीत तिच्या भावाच्या घरी झाला. भाऊ लालासाहेब हळदीच्या पेठेत माल तोलणारा तोलार होता. आईबाप गेल्यावर धाकट्या बहिणीला त्यानंच वाढवलं होतं. उंब्रजहून आलेल्या लक्ष्मीबाईंनी मुलीला चालून दाखवायला सांगितलं, चार ओळी वाचून घेतल्या आणि मग स्वतः उठून तिच्या मागं जाऊन वेणी सोडली. केस उलगडत खाली आले ते बसल्या पाटाला टेकले. गंगावन लावलंय की काय म्हणून लक्ष्मीबाईंनी ते मुठीत धरून ओढून पाहिले. खात्री झाल्यावर त्या पहिल्यांदा हसल्या.

"आमच्या कृष्णातला हीच करायची," म्हणाल्या.

कृष्णात पलटणीत होता. त्याचा बापही पलटणीतच होता आणि बासष्टच्या चीनच्या लढाईत गेला होता. माती द्यायलासुद्धा हाती काही आलं नाही, नुसती तार आली. लक्ष्मीबाई तेव्हा पस्तिशीच्या आतबाहेर होत्या. पदरात वयात येणारा मुलगा आणि दोन वर्षांची मनू. तीन एकर ऊस त्यांनी दिरा-पुतण्यांना हात लावू न देता स्वतः सांभाळला. बाई खमकी, बोलायला तोडून, पण घरात कुणाला उपाशी ठेवणारी नव्हे. एकच होतं, तार आल्यापासून त्यांना सगळ्यात खुणा दिसायच्या. तार यायच्या आदल्या दिवशी म्हणे चुलीवर दूध फाटलं होतं. तेव्हापासून घरात दूध नासलं की त्या दिवसभर कुणाशी बोलत नसत.

लग्नानंतर कृष्णात रजा संपवून गेला, पुन्हा एकदा येऊन गेला. घरात असला की शालूबाई केस वाळवायला सोप्यात बसायची तेव्हा तो उगाच तिथं काहीतरी काम काढायचा. तोंडानं काही म्हणायचा नाही. तेवढं तिला पुरत होतं.

एकाहत्तरच्या भादव्यात शालूबाईला मुदतीचा ताप आला. तीन आठवडे अंथरुणात होती. लक्ष्मीबाईंनी तिचं सगळं केलं. पेज पाजली, अंग पुसलं, उंब्रजच्या डॉक्टरला घरी आणलं. ताप उतरला, दसऱ्याला शालूबाई उठून कामाला लागली, दिवाळीत तिनं फराळाचं केलं. आजार संपला असंच सगळ्यांना वाटलं.

दिवाळीनंतर एक दिवस तिनं केस धुतले आणि फणी घातली, तर फणीत मूठभर केस आले. तिला वाटलं गुंता असेल. दुसऱ्या दिवशी तेवढेच आले. उशीवर केस, पाण्याच्या कळशीत केस, भाकरीच्या पिठात केस. एकदा जेवताना कालवणातून केस निघाला तेव्हा लक्ष्मीबाईंनी ताट बाजूला सारलं आणि सुनेला म्हणाल्या, "पदर काढ बघू."

शालूबाईनं पदर काढला. भांगाशी बोटभर रुंदीचं पांढरं कातडं दिसत होतं.

"कवापास्नं?"

"आठ-पंधरा दिस झालं, आत्याबाई."

चौकात पंचायतीच्या रेडिओवर त्या दिवसांत रोज सरहद्दीच्या बातम्या लागत. कृष्णातचं पत्र येऊन महिना झाला होता. तो कुठं आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सून नवऱ्याच्या वाटेकडं डोळे लावून बसलेली आणि तिच्या डोक्यावरचे केस, विधवेचे उतरवतात तसे, आपोआप उतरायला लागलेले. लक्ष्मीबाईंना त्याचा एकच अर्थ लागत होता आणि तो त्या तोंडातून काढत नव्हत्या. त्यांनी भैरोबाला नारळ दिला. दृष्ट काढली. कांद्याचा रस चोळला, जास्वंदीची फुलं तेलात कढवून लावली. केस गळतच राहिले.

मग लढाई सुरू झाली. रेडिओवर ते ऐकलं त्या दिवशी लक्ष्मीबाई नदीपलीकडं आकारामकडं गेल्या. आकाराम मूळचा गुरांचा वैद्य. बैलाच्या खुराला बिब्बा लावायचा, माणसांच्या भेगांनाही लावायचा. चाई पडलेल्या दोघा-तिघांचे केस त्यानं परत आणल्याचं लोक सांगत. तो म्हणाला, केसाच्या मुळाला किडा लागलाय, तो मेल्याबिगर नवा केस यायचा नाही. त्यानं बिब्ब्याचं तेल काढून दिलं. बजावलं की हे खोबरेल तेलात मिसळायचं, काडीच्या टोकानं एखाद्या ठिकाणी लावून बघायचं, आणि उतलं, म्हणजे फोड आले, तर लगेच थांबायचं.

लक्ष्मीबाईंना थांबायला वेळ नव्हता. त्यांनी खोबरेल तेल निम्मंशिम्मंच मिसळलं आणि टाळूपासून भांगापर्यंत बोटानं सगळीकडं चोपडलं. मनू तेव्हा अकरा वर्षांची. ती दारात उभी राहून बघत होती.

सकाळी शालूबाईच्या डोक्याची आग होत होती. "आत्याबाई, लय भाजतंय," ती म्हणाली.

"भाजणारच. किडा मरतुया."

दुसऱ्या दिवशी टाळूला पाणी भरल्यासारखे फोड आले, कपाळ सुजलं, डोळे मिटायला लागले. आकाराम म्हणाला होता तसा बिब्बा उतला होता. लक्ष्मीबाईंनी ते पाहिलं. शालूबाई हात जोडून म्हणाली, "आता पुरं करा."

"तिकडं माझा ल्योक बंदुकीफुडं उभा हाय," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "तुला डोईची आग सोसत न्हाई व्हय?"

आणि त्यांनी सुनेचं डोकं गुडघ्यात दाबून धरून फोडांवर दुसऱ्यांदा तेल लावलं. शालूबाईनं मग आवाज केला नाही. त्या क्षणी तिलाही वाटलं होतं की आपण सोसलं नाही आणि उद्या तार आली, तर आयुष्यभर हीच गोष्ट आपल्या मागं लागेल.

लढाई पंधरवड्यात संपली. कृष्णात सुखरूप असल्याचं पत्र आलं, लक्ष्मीबाईंनी गावात पेढे वाटले. शालूबाईच्या डोक्यातून तेव्हा पू वाहत होता. खपल्या धरल्या, पडल्या, पुन्हा धरल्या. उंब्रजच्या डॉक्टरनं मलम दिलं आणि जखम सुकायला शिमगा उजाडला. कडेनं कानांमागं केस होते, पण टाळूवर तळहाताएवढी जागा गुळगुळीत, गुलाबी, चकचकीत झाली. उन्हात ती चमकायची.

शिमग्यालाच कृष्णात रजेवर आला. पहिल्या दिवशी शालूबाईनं पदर कपाळावर ओढून घेतला तो रात्रीही खाली येऊ दिला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच तो मागं सारला. बराच वेळ तो बघत राहिला. मग विचारलं, "कुणी केलं?"

"ताप आला हुता," ती म्हणाली. "मग केस गळाय लागलं. मग आत्याबाईंनी बिब्बा लावला."

तो उठून बाहेर गेला. आईशी तो काय बोलला ते तिला ऐकू आलं नाही, पण लक्ष्मीबाईंचं उत्तर ऐकू आलं. "माझं काय चुकलं? केस गेलं, पर तू आलास न्हवं?"

चार दिवसांनी कृष्णात बायकोला घेऊन मिरजेला निघाला. लक्ष्मीबाईही हट्टानं बरोबर आल्या. मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्यात कातडीचे डॉक्टर होते. पन्नाशीचे, शांत बोलणारे गृहस्थ. त्यांनी शालूबाईला खिडकीपाशी उजेडात बसवलं आणि भिंग घेऊन डोकं तपासलं. आधी कडेचे केस पाहिले, मग टाळूची जागा बोटानं दाबून पाहिली. तिघांना समोर बसवून त्यांनी सगळं विचारून घेतलं.

"ताप कधी आला होता?"

"भादव्यात," शालूबाई म्हणाली.

"आणि केस गळायला लागले दिवाळीनंतर. म्हणजे अडीच-तीन महिन्यांनी. बरोबर आहे." ते कृष्णातकडं वळले. "डोक्यावरचे सगळे केस एकाच वेळी वाढत नसतात. बरेचसे वाढत असतात, थोडे विसाव्याला बसलेले असतात. विसावा झाला की जुना केस पडतो आणि त्याच जागी नवा येतो. रोज थोडे पडतात, आपल्याला कळतही नाही. टायफॉइडसारखा मोठा ताप आला की शरीर सगळी ताकद जगण्याला लावतं. केस वाढवायला त्याच्याकडं काही उरत नाही. मग पुष्कळसे केस एकदमच विसाव्याला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच पडतात. तोवर माणूस ताप विसरून गेलेला असतो. म्हणून त्याला वाटतं, काही कारण नसताना केस गेले. बाळंतपणानंतर बायकांचं असंच होतं."

"मग त्याला औषिध?" कृष्णातनं विचारलं.

"काही नाही. नीट खायचं आणि वाट बघायची. मुळं शाबूत असतात, सहा-आठ महिन्यांत केस परत येतात. हे बघा, कानामागं कसे बारीक नवे आलेत."

"आन मधी?"

डॉक्टरांनी भिंग टेबलावर ठेवलं. "मध्ये कातडी भाजलीय. तिथं व्रण झाला आणि केसांची मुळंच जळाली. तिथं आता केस येणार नाही. कुणी येईल म्हणून सांगितलं तर विश्वास ठेवू नका."

"म्हंजे बिब्बा लावला नसता तर..." कृष्णातनं विचारलं.

"तर आज हिच्या डोक्यावर सगळीकडं नवे केस दिसले असते."

लक्ष्मीबाई खाली बघत होत्या. डॉक्टरांनी त्यांना दोष दिला नाही. तेल कुणी लावलं तेही विचारलं नाही. शालूबाईला मात्र तेव्हा वाटलं, त्यांनी विचारायला हवं होतं.

परतीच्या एस.टी.त लक्ष्मीबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. कराड आल्यावर त्या म्हणाल्या, "त्या डाक्टरला काय कळतंय. काचंचं भिंग डोळ्याला लावून बसलाय." उंब्रजला उतरल्यावर शेजारच्या भामाबाईंनी विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? लक्ष्मीबाई म्हणाल्या, "तापानं मुळं गेली म्हणं. इलाज न्हाई." शालूबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. कृष्णात टपावरून ट्रंक उतरवून घेत होता. तो म्हणाला, "व्हय, तापानंच."

त्या दिवसापासून गावात तेच झालं. शालूबाईचे केस तापानं गेले.

कडेचे केस डॉक्टर म्हणाले तसे वाढले, पण टाळू तशीच राहिली. पदर तिच्या डोक्याचाच भाग झाला. हळदीकुंकवाला बायका तिला बोलवायच्या, पण कुंकू लावताना हात जरा आखडायचा. भरल्या कपाळाची असून ती त्यांना कुठंतरी रिकामी वाटायची. कृष्णात रजेवर आला की तिच्याशी नीट वागायचा. साडी आणायचा, रागानं बोलायचा नाही. फक्त त्याचं अंथरूण सोप्यात पडायला लागलं. आधी उकाडा म्हणून, मग पाठ दुखते म्हणून. मूल झालं नाही.

त्याची पलटण बेळगावला आली तेव्हा गावातल्या दोघांनी बायका नेल्या. शालूबाईनं विचारलं तर तो म्हणाला, क्वार्टर मिळत नाही, यादी मोठी आहे. तिनं दोन वर्षं ते धरून ठेवलं. मग त्याच्याच पलटणीतला अर्जुना सुट्टीवर आला असताना रस्त्यात भेटला आणि सहज म्हणाला, "वैनी, तुमी आला न्हाईसा ते बरं केलं न्हाई. कृष्णातला चांगली क्वार्टर मिळाली हुती, नळाचं पाणी, सगळं. त्यानं परत दिली." शालूबाई म्हणाली, "आत्याबाईंना एकलं कसं टाकायचं, भावजी." आणि घरी येऊन तिनं भाकऱ्या थापल्या.

असं चाललेलं असताना शहात्तरच्या पावसाळ्यात मनूला ताप आला. मनू आता सोळा वर्षांची होती. गोरी, नाकीडोळी नीटस, कमरेखाली वेणी. तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली होती. ताप मुदतीचाच निघाला. नणंदेचं सगळं शालूबाईनं केलं, जसं तिचं सासूनं केलं होतं. मनू उठली आणि दिवाळीच्या सुमाराला तिच्या फणीत केस यायला लागले.

शालूबाईला ते आधी दिसलं. ती गप्प राहिली. दोन-तीन दिवसांनी दुपारी ती गोठ्यात वैरण टाकत असताना लक्ष्मीबाई आत आल्या आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"शालू, त्यो मिरजंचा डाक्टर काय म्हणाला हुता गं?"

"कवा?"

"तुझ्या येळंला."

शालूबाईच्या हातात उसाचं वाढं होतं. तिनं ते गव्हाणीत टाकलं. "तुमी हुता की तिथं. आन तुमीच म्हणत आलाय, त्याला काय कळतंय."

लक्ष्मीबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "त्याला कळत हुतं."

शालूबाई त्यांच्याकडं बघत राहिली. पाच वर्षं तिला वाटत होतं, ही अडाणी बाई आहे, हिला खरंच कळलेलं नाही. त्या समजुतीवर ती या घरात राहिली होती. न कळणाऱ्या माणसावर किती राग धरायचा? आता तिला दिसलं की सासूला मिरजेतच, त्या खुर्चीवर बसल्या बसल्या सगळं कळलं होतं.

"मग आकारामाकडं न्हाई जायचं?" तिनं विचारलं.

"लेकीच्या डोईला बिब्बा लावू व्हय?" लक्ष्मीबाई बोलून गेल्या.

"सुनंच्या लावला."

गोठ्यात म्हैस रवंथ करत होती. लक्ष्मीबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "आता त्येचं काय," त्या म्हणाल्या. "पोरीचं सांग. लगीन ठरायचं हाय तिचं."

शालूबाईला एक क्षण वाटलं, काही सांगू नये. विसरले म्हणावं. मनूचं डोकं उघडं पडू दे, मग हिला कळेल. मग तिला दारात उभी राहून बघणारी अकरा वर्षांची मनू आठवली. त्या वेळी रात्री येऊन वहिनीच्या सुजलेल्या कपाळावर ओलं फडकं ठेवणारी घरात ती एकटीच होती.

"काय बी लावायचं न्हाई," शालूबाई म्हणाली. "खाऊ घालायचं. अंडी, डाळ, शेंगदाणं, गूळ. वेणी घट्ट घालायची न्हाई. गळत्यात त्ये गळू द्यायचं. खालून नवं येत असतंय."

मनू रडायची. आरसा पालथा घालून ठेवायची. शालूबाई तिला सकाळी अंगणात उन्हाकडं तोंड करून बसवायची आणि कपाळाच्या कडेचे बारीक, उभे राहिलेले नवे केस बोटाला लागतील असं करायची. "हात लाव. लागतंय का? आलं की न्हाई?" मनू म्हणायची, "वैनी, तुमचं बी आसंच आलं असतं?" शालूबाई म्हणायची, "तुझं बघ आधी." पाडव्यापर्यंत मनूची वेणी पातळ पण नीट झाली. लक्ष्मीबाईंनी भैरोबाला अभिषेक केला आणि गावात सांगितलं की देवानं राखलं.

त्याच उन्हाळ्यात तासगावच्या बाजूचं एक स्थळ आलं. मुलगा साखर कारखान्यात नोकरीला. कृष्णातही रजा काढून आला होता. पाहुणे सोप्यात बसले, मनूला बघितलं, पसंत पडली. शालूबाई आत चहा गाळत होती. चहा घेऊन गेली तेव्हा वाऱ्यानं पदर जरा मागं सरला. हातात तबक असल्यानं तिला तो सावरता आला नाही. मुलाच्या आत्यानं पाहिलं.

शालूबाई आत आल्यावर ती आत्या बोलली. "इचारते म्हणून राग मानू नका. तुमच्यात केसाचा रोग हाय का? पोरीच्या जातीला ह्ये असलं पिढीजात असतंय."

शालूबाई दाराआड उभी होती. तिला वाटलं, आता तरी.

"न्हाई वो," लक्ष्मीबाईंचा आवाज आला. "ती सून. बाहेरनं आलेली. तिच्या म्हायेरचा रोग हाय त्यो. आमच्या रगतात न्हाई."

"म्हायेर कुठलं?"

"सांगली. हळदीच्या पेठंत भाऊ तोलार हाय, लालासाहेब."

"काय हो, खरं?" मुलाच्या बापानं कृष्णातला विचारलं.

कृष्णात म्हणाला, "व्हय."

पाहुणे गेल्यावर शालूबाईनं कपबशा विसळल्या. मग ती सोप्यात आली. आईलेक सुपारी कातरत बसले होते.

"तुमी डाक्टरच्या फुडं बसला हुता," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमी इचारलं हुतं, बिब्बा लावला नसता तर काय झालं असतं. तुमाला ठावं हाय."

"मनूचं लगीन मोडलं असतं," कृष्णात म्हणाला. "आन चार लोकांत आयेला काय म्हणायचं? सुनंचं डोकं जाळलं म्हणून?"

"माझ्या भावाला तीन लेकी हायत."

"सांगलीला कोण सांगाय जातंय?"

"म्हायेराचं नाव पत्त्यासकट दिलंया तुमी." तिनं लक्ष्मीबाईंकडं पाहिलं. "आत्याबाई, लगीन हू द्या. मग त्या माणसांना एकदा सांगा. एवढंच म्हणा की बिब्ब्यानं गेलं."

लक्ष्मीबाई अडकित्ता चालवत राहिल्या. "झालं त्ये उकरून कुणाचं भलं हाय," त्या म्हणाल्या.

शालूबाई लग्न होईपर्यंत थांबली. पुरणपोळ्या तिनंच लाटल्या. हळद लावायला तिला पुढं बोलावलं नाही, तिनंही वाट पाहिली नाही. मनू निघताना तिच्या गळ्यात पडली आणि तिला सोडवून न्यावं लागलं. चार दिवसांनी लग्नाला आलेल्या लालासाहेबाबरोबर शालूबाई सांगलीच्या एस.टी.त बसली. ती परत येणार नाही हे तिनं घरात सांगितलं नाही. एक ट्रंक घेऊन निघालेली सून थोड्या दिवसांसाठी चाललीय असं कुणाला वाटलं असेल तर वाटू दे, असं तिनं ठरवलं.

सांगलीत ती भावाच्या घराशेजारी खोली घेऊन राहिली आणि वखारीत हळद निवडायच्या कामाला जायला लागली. तिथं धूळ अशी उडते की सगळ्याच बायका डोक्याला घट्ट फडकं बांधतात. पहिल्यांदाच तिला चारचौघींत बसून डोक्याचा विसर पडला. शेजारी बसणारी मिरजेची एक बाई तिला विचारायची, एवढी गप्प का असतेस. हळूहळू ती बोलायला लागली. एकदा तिच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. त्या बाईनं ऐकलं, हातातलं हळकुंड टोपल्यात टाकलं आणि म्हणाली, "आमच्या गल्लीत बी एकीला लावला हुता." दोघी पुन्हा हळद निवडायला लागल्या.

दोन वर्षांनी लालासाहेबाच्या थोरल्या मुलीचं, राहीचं, स्थळ जुळत आलं. तेही तासगावकडचंच. बैठक ठरली, साड्यांची बोलणी झाली आणि मग निरोप आला की नको. मध्यस्थानं मान खाली घालून कारण सांगितलं. तुमच्या घराण्यात बायकांचे केस जातात असं त्यांच्या कानावर आलंय. लालासाहेबानं पोरीची वेणी सोडून दाखवतो म्हणून सांगितलं. मध्यस्थ म्हणाला, आज आहेत हो, उद्याचं काय? तुमच्या बहिणीचेही होतेच की.

लालासाहेब बहिणीला एका शब्दानं बोलला नाही. भावजय बोलली नाही. राही दोन दिवस जेवली नाही. शालूबाईला वाटलं, ओरडून बोलले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर महिन्याभरात कृष्णात आला. तो पलटणीतून सुटून गावी परतला होता. कानशिलावरचे केस पिकले होते. खोलीच्या दाराशी चप्पल काढून तो आत येऊन बसला. शालूबाईनं चहा ठेवला.

"आयेला अर्धांगवायू झालाय," तो म्हणाला. "उजवी बाजू गेली. कुशीवर करावं लागतंय. मनूला सासरचं लोक पाठवत न्हाईत. तू चल."

शालूबाई स्टोव्हजवळ बसून होती. तिनं विचारलं, "आत्याबाई काय म्हणत्यात?"

"बोलता येत न्हाई तिला. वाचा गेलीया."

सासूच्या तोंडून एकदा ते ऐकायचं होतं, ते आता या जन्मात राहिलं होतं. रागापेक्षा थकवाच जास्त आला तिला.

"मी येईन," ती म्हणाली. "त्यांचं सगळं करीन. माझं त्यांनी केलं हुतं तापात, त्ये इसरले न्हाई मी. पर आधी माझ्यासंगं तासगावला चला. राहीला ज्यांनी न्हाई म्हटलंय, त्यांच्या दारात. तिथनं मनूच्या सासरी. दोनी ठिकाणी सांगा, हिच्या म्हायेरात रोग न्हाई. हिचं डोकं आमच्या घरात भाजलं."

"आता ती अशी पडल्यावर?" कृष्णात म्हणाला. "मरत्या माणसावर घालू?"

"त्यांची वाचा गेली. तुमची हाय न्हवं?"

कृष्णातनं कप खाली ठेवला. तो खोलीभर बघत राहिला, भिंतीवरची खुंटी, कोपऱ्यातली ट्रंक, दारावरचं तोरण. शालूबाईनं डोक्याचा पदर मुद्दाम सावरला नव्हता. त्या जागेवर त्याची नजर गेली आणि लगेच खाली आली.

"मनूला दोन पोरं हायत आता," तो म्हणाला. "तिचं घर मोडायचं का?"

"मनूचं काय मोडत न्हाई. तिच्या डोईवर केस हायत."

तो उठत म्हणाला, उंब्रजची गाडी चारला आहे. ती म्हणाली, बसस्टँडपर्यंत रिक्षा मिळंल. तो चपला घालून गल्लीच्या तोंडाशी गेला. एकदा थांबल्यासारखा झाला, पण मागं वळला नाही.

लक्ष्मीबाई पुढं आठ महिने जगल्या. मनू शेवटी सासरी भांडून येऊन राहिली आणि तिनं आईचं केलं. तेराव्याला शालूबाई उंब्रजला गेली, संध्याकाळी परत आली. राहीचं लग्न पुढच्या वर्षी झालं, बिजवराशी, दूर कर्नाटकात, जिथं सांगलीतलं काही कुणाच्या कानावर गेलं नव्हतं. जाताना ती आत्याच्या पाया पडली तेव्हा शालूबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही. पाठीवर ठेवला.